दवाखान्याच्या दारातील नोकरी आणि गावाचा दर्जा

अमरावती आणि अकोला या शहरांतील खासगी दवाखान्यांत रुग्णांचे नंबर लावणे, केसपेपर काढणे, डॉक्टरांच्या भेटीची वेळ ठरवून देणे आणि फीची रक्कम घेऊन ती वहीत उतरवणे ही कामे करणारा एक स्वतंत्र नोकरवर्ग विसाव्या शतकात हळूहळू आकाराला आला. या माणसाला आधी कंपाउंडर म्हणत, पुढे तो नुसता ‘दवाखान्यातला मुलगा’ झाला, त्यानंतर त्या जागी बहुतेक ठिकाणी ‘काउंटरवरच्या मॅडम’ आल्या आणि आता रिसेप्शनिस्ट हा शब्द रुळला आहे. नावे बदलली तरी रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामधली जागा तीच राहिली. या नोकरीच्या वेतनाचा इतिहास पाहू लागले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते: कामाचा भार किती, यावरून हे वेतन क्वचितच ठरले, ते गावाच्या दर्जावरून ठरले, आणि गावाचा दर्जा दवाखान्यापासून फार दूर, लोकसंख्येच्या तक्त्यांवरून ठरत आला.

१८५३ च्या तहाने, ही दोन्ही शहरे ज्यात येतात तो वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. इंग्रजी अमलापूर्वी वैद्य आणि हकीम यांच्या घरी औषधोपचार होत असे. तेथे रुग्ण ओट्यावर बसत आणि कोणाला आधी तपासायचे हे वैद्य स्वतःच्या नजरेने ठरवीत. रुग्णाची कागदावर नोंद करून त्याला क्रम देण्याची रीत सरकारी दवाखान्यांबरोबर आली. आज जुन्या पिढीच्या तोंडी असलेली अमरावतीचे ‘इर्विन’ आणि ‘डफरीन’ किंवा अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ ही रुग्णालयांची नावे व्हाइसरॉयांच्या आणि त्यांच्या पत्नींच्या काळाची साक्ष देतात. यांपैकी डफरीन हे नाव १८८५ मध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय साहाय्यासाठी उभारलेल्या निधीशी जोडलेले आहे. अशा रुग्णालयांत बाह्यरुग्णांची, म्हणजे दाखल न होता तपासून परत जाणाऱ्यांची, खिडकी असे आणि त्या खिडकीमागे नाव, गाव, वय लिहून चिठ्ठी देणारा कारकून असे. केसपेपर हा शब्द तेथूनच लोकांच्या बोलण्यात आला. सरकारी कारकुनाला श्रेणी होती, वार्षिक वाढ होती आणि सेवापुस्तक होते. त्याच कामासाठी खासगी दवाखान्यात बसलेल्या माणसाला यांतले काहीच नव्हते, आणि हा भेद पुढच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

भुसावळ ते नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. अकोला त्या मार्गावर आले आणि अमरावती बडनेऱ्याच्या फाट्याने त्याला जोडली गेली. कापसाच्या बाजारामुळे पैसा, वकील आणि डॉक्टर याच दोन गावांत गोळा झाले. डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात पहिला पगारी माणूस आला तो कंपाउंडर. डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रमाणात अर्क, क्षार आणि पाणी यांचे मिश्रण करून देणे हे त्याचे मुख्य काम होते. रुग्ण घरून बाटली धुऊन आणत असे. कंपाउंडर तीत औषध भरी, कागदाच्या लांब पट्टीला कात्रीने खाचा पाडून ती पट्टी बाटलीवर डिंकाने चिकटवी, आणि एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक मात्रा, असे समजावून सांगे. अक्षरओळख नसलेल्या रुग्णालाही त्या खाचा वाचता येत. ज्याला हे काम येई त्याच्या हाती एक कसब होते, आणि त्या कसबाच्या जोरावर त्याला थोडाफार भाव मागता येत असे.

१९४८ चा औषधनिर्माण कायदा, म्हणजे औषधे तयार करण्याचा आणि देण्याचा अधिकार नोंदणीकृत व्यक्तींकडे सोपवणारा कायदा, आला. त्यापाठोपाठ कारखान्यांत बनलेल्या गोळ्या आणि बाटलीबंद औषधे तालुक्यातालुक्यांत पोहोचली. जुन्या कंपाउंडरांपैकी ज्यांना शक्य झाले त्यांनी नोंदणी करून घेतली, कोणी औषधाचे दुकान काढले, आणि जे दवाखान्यातच राहिले त्यांच्याकडे मिश्रणाचे काम जाऊन नंबर, फी आणि वही एवढेच उरले. कसबाचा भाव गेला, जबाबदारी मात्र वाढली. या नोकरीच्या वेतनाला लागलेली ही पहिली मोठी उतरण होती, आणि ती कोणत्याही वेतन समितीसमोर आली नाही.

वेतन ठरवण्याची खासगी दवाखान्यांतील रीत गावगाड्यातूनच आली असावी, असे मानायला जागा आहे. वऱ्हाडातील कास्तकाराकडे दोन प्रकारचे बांधील नोकर असत: वर्षाच्या कराराने राहणारा तो सालदार, आणि महिन्याच्या बोलीने राहणारा तो महिनदार. सालदाराची बोली गुढीपाडव्याच्या सुमारास तोंडी ठरे. त्यात रोख रक्कम, धान्य आणि अडीअडचणीला उचल, म्हणजे पुढील मेहनतान्यातून वळती होणारी आगाऊ रक्कम, यांचा समावेश असे. दवाखान्यातील माणूसही असाच ओळखीतून येतो, त्याचा पगार तोंडी ठरतो, दिवाळीला काही जास्त मिळते, मुलीच्या लग्नाला उचल मिळते आणि घरातले कोणी आजारी पडले तर डॉक्टर फी घेत नाहीत. या संबंधात जिव्हाळा असतो हे नाकारता येणार नाही, आणि अनेक माणसांनी एकाच दवाखान्यात तीस-तीस वर्षे काढली ती त्या जिव्हाळ्यावरच. तरीही उचल म्हणजे वेतन नव्हे आणि माफ झालेली फी म्हणजे भविष्य निर्वाह निधी नव्हे, हा हिशेब नोकरी सुटते त्या दिवशीच माणसाच्या लक्षात येतो.

कायद्याने या नोकरीला कसे वागवले, हा भाग तपशीलवार पाहण्याजोगा आहे. वऱ्हाड मध्य प्रांतात असताना १९४७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड दुकाने व आस्थापना कायदा झाला. कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि रजा यांचे नियमन करणारा तो कायदा होता. ‘आस्थापना’ म्हणजे जेथे मोबदला देऊन माणसे कामाला ठेवली जातात अशी जागा. १९५६ मध्ये वऱ्हाडासह विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, तेव्हा मुंबईचा १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा पुढे या भागालाही लागू झाला. परंतु डॉक्टरांचा दवाखाना ही व्यापारी आस्थापना आहे काय, हा प्रश्न तोवर सुटलेला नव्हता. गुजरातमधील डॉ. सुरती यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये असा निर्णय दिला की, खासगी दवाखाना हा वैयक्तिक बुद्धी आणि कौशल्य यांवर चालणारा पेशा असल्याने तो त्या कायद्याखालची व्यापारी आस्थापना ठरत नाही. महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून वैद्यक व्यावसायिकांच्या आस्थापना स्पष्ट शब्दांत व्याख्येत आणल्या. पुढे २०१७ च्या नव्या राज्य कायद्याने दवाखाने व्याख्येत ठेवले, पण मुख्य तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांपुरत्या मर्यादित केल्या. अमरावती-अकोल्यातील बहुतांश एकट्या डॉक्टरांचे दवाखाने दोन-चार माणसांवर चालतात, म्हणून जे १९७७ मध्ये आत आले ते ४० वर्षांनी बव्हंशी पुन्हा बाहेर गेले.

औद्योगिक विवाद कायद्याची वाटचालही अशीच वळणांची होती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील कामगारांच्या प्रकरणात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९६० मध्ये रुग्णालय हा ‘उद्योग’ असल्याचे ठरवले, म्हणजे तेथील कामगाराला कपातीविरुद्ध दाद मागता येऊ लागली. १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात न्यायालयाने उलट मत दिले आणि १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने रुग्णालयांना पुन्हा उद्योगाच्या कक्षेत आणले. हाच शेवटचा निकाल कामगारांच्या बाजूचा म्हणून गौरवला जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यातच असेही नोंदवलेले आहे की, एखादा छोटा मदतनीस किंवा गडी हाताशी ठेवून काम करणारा खेड्यातील वा शहरातील एकटा डॉक्टर हा पेशा करतो, उद्योग चालवत नाही. मोठ्या रुग्णालयातील कामगाराला दार उघडताना लहान दवाखान्यातील मदतनीस उंबरठ्याबाहेर राहिला. आणि वऱ्हाडात या कामातील माणसे प्रामुख्याने लहान दवाखान्यांतच आहेत.

या सगळ्यात एक कायदा असा होता की ज्याने माणसांची संख्या शेवटपर्यंत विचारली नाही. तो म्हणजे १९४८ चा किमान वेतन कायदा. सरकारने ‘अनुसूचित’ केलेल्या, म्हणजे यादीत घातलेल्या रोजगारांना तो लागू होई, आणि महाराष्ट्राने आपल्या यादीत रुग्णालये तसेच नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकांचे दवाखाने आणि तपासणी प्रयोगशाळा यांचा स्वतंत्र नोंदींनी समावेश केला. या कायद्याखालील वेतनाचे दोन भाग असत. पहिला मूळ दर, जो कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा वर्गवारीने ठरे आणि ज्याचा पाच वर्षांच्या आत फेरविचार व्हावा अशी अपेक्षा होती. दुसरा विशेष भत्ता, जो महागाईच्या निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा जाहीर होई. वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळे दर ठरवण्याची मुभा कायद्यानेच दिली होती. तिच्या आधारे राज्याची परिमंडळे पाडली गेली. बहुतेक अधिसूचनांत पहिले परिमंडळ महापालिकांचे, दुसरे नगरपालिकांचे आणि तिसरे उरलेल्या मुलखाचे, अशी साधारण मांडणी दिसते.

आता ही मांडणी वऱ्हाडाच्या नकाशावर ठेवून पाहावी. अमरावती महापालिका १५ ऑगस्ट १९८३ रोजी झाली, अकोला महापालिका १ ऑक्टोबर २००१ रोजी. ज्या अधिसूचनांत वरचे परिमंडळ महापालिकांचे होते त्यांच्यापुरते तरी अकोला १८ वर्षे अमरावतीच्या खालच्या पायरीवर राहिले. त्या १८ वर्षांत अकोल्याच्या रामदासपेठेतील किंवा रतनलाल प्लॉट परिसरातील दवाखान्यांपुढची गर्दी अमरावतीच्या राजापेठेपेक्षा विरळ होती, असे कोणी म्हणणार नाही. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला तरी तेथील रुग्ण अकोल्यालाच येत राहिले, आणि बुलढाणा जिल्ह्याच्या पूर्व भागातील रुग्णांची वाटही तीच होती. कारभाराचा नकाशा बदलला, नंबराची वही बदलली नाही. मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर किंवा तेल्हारा येथे त्याहून खालचा दर, आणि मेळघाटच्या वाटेवरील खेड्यांत सर्वांत खालचा. परिमंडळांमधील हे कायदेशीर अंतर सहसा काही शे रुपयांच्या घरातले असते. व्यवहारातील अंतर त्याहून पुष्कळ मोठे असते, कारण मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत हीच जागा संगणक, विमा आणि इंग्रजी यांच्याशी जोडली गेली आहे, तर तालुक्याच्या गावात ती झाडू, स्टोव्ह आणि डॉक्टरांच्या घरच्या निरोपांशी जोडलेली राहिली. एकच माणूस सकाळी ओटा झाडतो, मग नोंदी लिहितो आणि दुपारी पट्ट्या बांधायला हात देतो. त्याला कुशल म्हणावे की अकुशल, हा प्रश्न उद्भवला की उत्तर बहुधा स्वस्त बाजूला झुकते.

सरकारी रुग्णालयातील कारकुनाच्या बाबतीत प्रदेशाचा फरक घरभाड्याच्या भत्त्यातून येतो, आणि येथे अमरावती आणि अकोला यांची तुलना अधिकच बोलकी आहे. कनिष्ठ लिपिकाचे सातव्या वेतन आयोगातील मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होते. राज्यात कोठेही ते तेवढेच. पण घरभाडे शहराच्या वर्गावरून ठरते. ५ लाखांवरील शहरे मधल्या वर्गात आणि त्याखालची सर्व गावे शेवटच्या वर्गात, हा लोकसंख्येचा निकष आहे. २०११ च्या जनगणनेत अमरावती शहराची लोकसंख्या ६,४७,०५७ होती आणि अकोल्याची ४,२५,८१७. आयोगाच्या मूळ शिफारशीप्रमाणे मधल्या वर्गाला १६ टक्के आणि किमान ३,६०० रुपये, शेवटच्या वर्गाला ८ टक्के आणि किमान १,८०० रुपये असा भत्ता होता. म्हणजे तीच खिडकी, तोच केसपेपर आणि तीच श्रेणी असूनही अकोल्यातील नव्या लिपिकाचा घरभाडे भत्ता अमरावतीच्या निम्मा, कारण शहराला ७४,१८३ माणसे कमी पडली. अंतर दोन्ही शहरांत शंभर किलोमीटरच्या आतबाहेरचे आहे.

या नोकरीतील खरा भार कोठून येतो, हे नंबराच्या वहीवरून कळते. साधी दोनशे पानी वही, डाव्या समासात क्रमांक, मग रुग्णाचे नाव, त्यापुढे गाव, त्यापुढे ‘नवा’ किंवा ‘जुना’ अशी खूण आणि शेवटी रक्कम. नवा म्हणजे प्रथम आलेला, जुना म्हणजे फेरतपासणीचा, ज्याची फी कमी किंवा माफ. शहरातील माणूस फोनवर नंबर लावून वेळेवर येतो. पण पहिल्या एसटीने निघालेला कास्तकार नंबर न लावता येतो, आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून त्याला मध्ये घ्यावे लागते. वहीतील गावाचा रकाना पाहून हा निर्णय घ्यावा लागतो. कोणाला ताप चढतो आहे, कोणती बाई दिवसांत आहे, कोणते म्हातारे दम लागून आले आहेत हे ओळखून क्रम मोडावा लागतो, आणि मोडलेल्या क्रमाचे कारण रांगेतील वीस माणसांना पटवून द्यावे लागते. बाहेरगावचे विशेषज्ञ आठवड्यातून एखाद्या दिवशी तपासायला येतात तेव्हा त्यांचे नंबर औषधाच्या दुकानात लावले जातात आणि हेच काम दुकानातील मुलगा वेगळ्या मोबदल्याशिवाय करतो. पावसाळ्यात तापाची साथ आली की गर्दी वाढते, आणि कापसाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाची रक्कम, हाती पडले की पुढे ढकललेली दुखणी दारात येतात. जितका मुलूख मागास आणि जितकी गाडी विरळ, तितके नंबर लावणाऱ्याचे काम अवघड होते. वेतनाची परिमंडळे मात्र याच्या नेमक्या उलट दिशेने उतरत जातात.

विदर्भाच्या मागासपणाला मराठीत ‘अनुशेष’ हा शब्द आहे. विकासात जे मागे राहिले, भरून काढायचे आहे, ते. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण यांच्याबरोबर आरोग्यसेवेचाही अनुशेष जिल्हावार मोजला, आणि त्यानंतर वऱ्हाडातील वैद्यकीय सोयी वाढल्या हे खरे आहे. अमरावतीत १९८४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, अकोल्यात २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. समितीचे मोजमाप सोयीसुविधांचे होते. त्या सोयी चालवणाऱ्या सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाच्या पगाराचा अनुशेष त्या हिशेबात येत नव्हता.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ८ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत अमरावती होती, अकोला नव्हते. अकोल्याला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये उरलेल्या राज्याबरोबर मिळाली. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेने रुग्णालयाच्या दाराशी ‘आरोग्यमित्र’ बसवला. रेशनकार्ड पाहणे, रुग्णाची नोंद करणे आणि मंजुरीपर्यंतची वाट दाखवणे हे त्याचे काम. नंबर लावणाऱ्याच्या जुन्या कामाला प्रथमच एक सार्वजनिक पद, गणवेश आणि मराठी नाव मिळाले. पण हे पद कंत्राटी राहिले, आणि कंत्राटी पदाला सरकारी कारकुनाची श्रेणी लागू होत नाही. तरीही या टेबलामुळे, दारात बसून माणसाला योग्य ठिकाणी पोहोचवणे हे वेगळे आणि आवश्यक काम आहे, ही गोष्ट शासनाने मान्य केली, तिचे मोल कमी मानू नये.

२०२० च्या टाळेबंदीत आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोल्यात पुन्हा संसर्ग वाढला तेव्हा दवाखान्यांनी गर्दी टाळण्यासाठी नंबर फोनवर घेण्यास सुरुवात केली. त्यानंतर वहीच्या जोडीला मोबाइल आला आणि कामाचा दिवस लांबला, कारण नंबराचा फोन रात्री नऊलाही येतो आणि पहाटे सहालाही. याच काळात या कामात स्त्रियांचे प्रमाण वाढलेले सर्वत्र दिसते. बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेली, घराजवळ काम हवे असलेली मुलगी कमी पगारावर मिळते, हे त्यामागचे उघड कारण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

२०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने अनुसूचित रोजगारांची यादी मोडीत काढून किमान वेतनाचा हक्क प्रत्येक कर्मचाऱ्याला दिला. एका मदतनीसाचा दवाखानाही त्यात आला. मात्र दर ठरवताना कौशल्याबरोबर भौगोलिक क्षेत्राचा विचार करण्याची मुभा नव्या कायद्यातही आहे, म्हणून अमरावती, अकोला आणि तेल्हारा यांच्यातील पायऱ्या आपोआप पुसल्या जाणार नाहीत. राज्याने पुढील दर ठरवताना गावाच्या लोकसंख्येबरोबर त्या गावावर विसंबून असलेल्या मुलखाचाही विचार करावा. तोवर एक साधी गोष्ट वऱ्हाडातील प्रत्येक डॉक्टरांना आजही करता येण्याजोगी आहे. तपासणीच्या फीचा फलक जेथे टांगलेला असतो, त्याच भिंतीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत, किमान वेतनाचा चालू तक्ताही लावावा, आणि खाली बसलेल्या माणसाच्या हाती त्याच्या पदाचे नाव लिहिलेले नेमणूकपत्र द्यावे.